गाणं क्रमांक चोवीस

मी कवी आहे, असं मी स्वतः कधीच म्हणालो नाही. लोक म्हणायचे आणि मी त्यांना अडवायचो नाही, एवढाच काय तो माझा गुन्हा. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात कुणी निवृत्त झालं की त्याला तीन गोष्टी मिळतात. फुलांचा गुच्छ, भिंतीवरचं घड्याळ आणि माझं गाणं. गुच्छ दुसऱ्या दिवशी सुकतो, घड्याळ वर्षभरात बंद पडतं, गाणं मात्र माणसाबरोबर कायम राहतं, अशी माझी समजूत होती. मी मुख्य कारकून. दिवसभर नळजोडण्यांचे अर्ज तपासायचे आणि त्यातून उरलेल्या प्रतिभेवर निरोपाची गाणी लिहायची, असं मी एकोणीस वर्षं केलं. तेवीस माणसांना गाऊन घरी पाठवलं. त्यांतल्या एकानेही कधी तक्रार केली नाही.

तक्रार केली ती चोविसाव्याने, आणि तीही निवृत्त होण्याआधी तीन आठवडे.

हा चोविसावा म्हणजे आमचे दप्तरी. तळमजल्यावर, जिन्याखालच्या दाराआड कार्यालयाचे सगळे जुने कागद ठेवलेले असतात. दारावरच्या पाटीवर 'अभिलेख कक्ष' असं लिहिलंय, पण सगळे त्याला दप्तरखाना म्हणतात. तिथे चौतीस वर्षं हा माणूस बसला. त्याचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वाचलेलं नाही. बारीक अंगाचा, जाड चष्म्याचा, आणि पावतीशिवाय प्रत्यक्ष मोठ्या साहेबांनाही कागद न देणारा.

मी फाईल आणायला खाली गेलो होतो. पावतीवर सही करताना मी मोठ्या मनाने म्हणालो, "दप्तरी, आता तुमच्या गाण्याला लागायला हवं."

त्यांनी चष्मा वर केला. "त्याचंच बोलायचं होतं, भाऊसाहेब. तुमची तेवीस गाणी माझ्याकडे आहेत. एका फाईलीत, क्रमांक घालून."

मला भरून आलं. आपलं लेखन कुणीतरी जपून ठेवतंय हे ऐकून कुणालाही येईल. ते मात्र पुढे बोलतच राहिले. "मी सवयीने सगळी वाचतो. तेवीसही गाण्यांत 'सागरासम मन' आहे. मीटर तपासनीसाचंही आणि मोठ्या साहेबांचंही. एकोणीस गाण्यांत 'खुर्ची झाली सुनी' आहे. पंपावरच्या रखवालदाराच्या गाण्यातसुद्धा आहे, आणि त्याला खुर्चीच नव्हती. चालही तीच आहे. म्हणजे तसं बघितलं तर गाणं एक आहे आणि नावं तेवीस."

हे सगळं ते कुठल्या कपाटात काय ठेवलंय हे सांगावं तशा आवाजात बोलत होते. त्यात टोमणा असता तर मी चांगलं उत्तर दिलं असतं.

"मला तक्रार करायची नाही," ते म्हणाले. "पण चौतीस वर्षं दुसऱ्यांचेच कागद सांभाळले. माझ्या वेळी एक कागद माझा असावा, एवढंच वाटतं. जमेल का?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणालो. असल्या वाक्यांनी माणसाचा घात होतो. जिना चढून वर येईपर्यंत माझं डोकं पूर्ण रिकामं झालं होतं.

पहिले चार दिवस मी रोज संध्याकाळी कोरा कागद घेऊन बसलो. लेखणी टेकवली की 'सागरासम' येई. ते खोडलं की 'आकाशासम' येई. तेही खोडलं की काहीच येत नसे. एकोणीस वर्षं हुकमी चालणारा माणूस मी, आणि आता माझ्याकडे एक ओळ नाही, हे मला अपमानास्पद वाटलं. त्याहून अपमानास्पद म्हणजे बायकोने विचारलं, "अहो, अर्ज लिहिताय का कुणाला? मघापासून नुसतं 'प्रति' लिहिल्यासारखं तोंड केलंय."

मी तिला अडचण सांगितली. कलावंताने घरी अडचण सांगू नये.

"मग त्यांच्याबद्दल लिहा ना," ती म्हणाली. "दप्तरींबद्दल एक गोष्ट सांगा बघू मला."

"प्रामाणिक आहेत."

"निरोपाच्या दिवशी सगळेच असतात. दुसरी?"

"कष्टाळू आहेत."

"एकोणीस वर्षं तुम्ही त्यांच्याकडे जाताय. चहात साखर घेतात की नाही ते तरी माहीत आहे का? नाही ना? मग जाऊन त्यांनाच विचारा."

गिऱ्हाईकाला बाहीचं माप विचारावं तसं कवीने माणसाला विचारत फिरायचं, ही कल्पनाच मला सहन झाली नाही. मी तसं म्हणालो. ती "बरं" म्हणाली. आमच्या घरात 'बरं' या शब्दाने जितकी भांडणं संपली आहेत तितकीच सुरूही झाली आहेत. त्या दिवशी दोन्ही झालं.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. माझी प्रतिभा आटल्याची बातमी त्याला बहिणीकडून पोचली होती. मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि त्यामुळे साहित्यातलं आपल्याला कळतं असं तो धरून चालतो. "दाजी, तुम्ही डावीकडून सुरू करता, तिथेच चुकतं," तो म्हणाला. "यमकं आधी लिहायची. उजव्या कडेला, एकाखाली एक. मग डावीकडची जागा भरत यायचं. पाटीसुद्धा मी अशीच बसवतो, शेवटचं अक्षर आधी." मला न विचारता त्याने माझ्या कागदाच्या उजव्या कडेला दान, मान, शान, ध्यान, भान अशी माळ लावली आणि जेवून गेला. मी त्या माळेपुढे दोन दिवस बसलो. आठ ओळी झाल्या. 'कर्तव्याचे भान' झालं, 'कार्यालयाची शान' झाली, आणि तिसऱ्या ओळीत नजर चुकवून 'सागरासम' आत शिरलं. खोडाखोडीने तो कागद असा झाला की माझा मलाच उजेडाकडे धरून वाचावा लागे.

मग समोरच्या घरातले दंतवैद्य. त्यांच्याशी माझा संबंध फक्त कचऱ्याच्या डब्यावरून येतो, पण त्यांनाही कळलं होतं. आमच्या इमारतीत पाण्याच्या दाबापेक्षा बातमी लवकर चढते, आणि हे मी पाणीपुरवठ्यातला माणूस सांगतोय. "तुमची जागा चुकीची आहे," त्यांनी जिन्यातच निदान केलं. "एकाच खुर्चीत बसून माणूस बधिर होतो. मी रोज माणसं बधिर करतो, मला विचारा. जागा बदला. जिथे आपण कधीच लिहीत नाही, तिथे बसून लिहायचं." एवढं सांगून त्यांनी माझ्या वरच्या दाढेकडे रोखून पाहिलं आणि मला एकदा येऊन जायला सांगितलं.

आणि शेवटी गायनबाई. या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि शाळेत गाणं शिकवतात. एरवी त्या माझ्याशी बोलत नाहीत, कारण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या रियाजाबद्दल मी सोसायटीला एक पत्र लिहिलं होतं. त्या स्वतः खाली आल्या यावरून माझी परिस्थिती किती उघड झाली होती हे कळावं.

"तुमची चाल बदलायला हवी," त्या म्हणाल्या. "गेली कित्येक वर्षं तुम्ही अंघोळीच्या वेळी तीच म्हणताय. तुमचे शब्द त्या चालीला इतके सरावलेत की दुसरे आत येऊच शकत नाहीत. मी नवी चाल देते. आधी चाल, मग शब्द."

"पण शब्दच सुचत नाहीयेत, बाई."

"चांगले शब्द सुचत नाहीयेत. भरतीचे भरा ना. भाजीची यादी लिहा, पत्ते लिहा, काहीही लिहा. नुसता साचा उभा राहू दे. खरे शब्द मागाहून येतात आणि भरतीचे निघून जातात." त्यांनी मला चौकटी आखलेला एक कागद दिला. प्रत्येक ओळीसाठी घरं, एका घरात एक अक्षर, तेही सुवाच्य. उद्या संध्याकाळपर्यंत भरून आणा, असं त्यांनी शाळेतल्या आवाजात सांगितलं. मी चोपन्न वर्षांचा माणूस, आणि मला गृहपाठ मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दंतवैद्यांचं ऐकून जागा बदलली. कार्यालयात शांत जागा म्हणजे एक दप्तरखाना. जुनी प्रकरणं चाळतोय असं सांगून मी तिथल्या बाकावर गायनबाईंचा कागद घेऊन बसलो. ज्याच्यावर गाणं लिहायचं तो समोर बसला होता आणि मी त्याच्याकडे पाठ फिरवून 'सागरासम'ला पर्याय शोधत होतो. तास झाला. एकही घर भरलं नाही. मागे माणसं येत होती, जात होती, आणि दप्तरी चौतीस वर्षं जे बोलत आले तेच प्रत्येकाला बोलत होते. भरतीच भरायची तर हेच भरू, असं मी वैतागून ठरवलं. कानावर पडेल ते घरांत टाकत गेलो. अर्ध्या तासात कागद भरला.

चपला बाहेर, कागद आत,
आधी पुसा ओला हात.
घाई असेल, उद्या या,
नसेल घाई, बसून घ्या.
तिसरं कपाट, खालचा खण,
हळू ओढा, अडकतो पण.
सहीशिवाय हलू नका,
पावतीशिवाय नेऊ नका.

गायनबाईंनी संध्याकाळी ते चालीवर म्हणून पाहिलं आणि "छान बसतंय, आता खरे शब्द आणा" असं म्हणून कागद परत दिला. खरे शब्द म्हणजे मेहुण्याच्या माळेतले, ते माझ्याकडे होतेच. दोन्ही कागद मी टेबलावर ठेवले.

आता इथे कार्यालयाच्या कारभाराबद्दल थोडं सांगणं भाग आहे. दोन वर्षांपूर्वी एका अभियंत्याच्या निरोपात मी 'अश्रूंची गळती थांबेना' असं लिहिलं होतं. निव्वळ भावना होती. पण शहरात तेव्हा जलवाहिन्या फुटत होत्या आणि मोठ्या साहेबांना ती टीका वाटली. तेव्हापासून निरोपाचं गाणं समारंभाच्या आठ दिवस आधी आस्थापना शाखेकडे तीन प्रतींत द्यावं लागतं. तिथे समिती ते तपासते, मंजूर करते, मग गायचं. जगात कुठल्या कवीच्या मानेवर हे जू आहे, ते मला कुणीतरी दाखवावं.

गाणं द्यायच्या शेवटच्या दिवशी मला अचानक पंपगृहावर जायला लागलं. जाताना मी टंकलेखिकाबाईंना सांगितलं, "माझ्या टेबलावर गाणं आहे. नीट टाइप करा आणि तीन प्रती आस्थापनेला द्या." टंकलेखिकाबाई वीस वर्षं माझं अक्षर वाचत आल्या आहेत. त्यांना टेबलावर दोन कागद दिसले. एक खोडाखोडीचा, ज्यात फक्त 'शान' वाचता येत होतं. दुसरा आखीव चौकटींत सुवाच्य लिहिलेला. त्यांनी तेच केलं जे कुठलाही शहाणा माणूस करेल, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही.

सहा दिवसांनी मंजूर प्रत परत आली. मी उघडली, आणि खुर्चीतच बसलो होतो म्हणून बरं. 'चपला बाहेर, कागद आत.' खाली गोल शिक्का, तीन सह्या आणि शेरा: 'समितीने गाणे अवलोकन केले. आक्षेपार्ह काही नाही. "चपला" हा शब्द कार्यालयीन दर्जास अनुसरून नसल्याने त्याऐवजी "पादत्राणे" असे वाचावे. मंजूर.'

मी तडक आस्थापनेच्या अधीक्षकांकडे गेलो.

"हे गाणं नाही," मी म्हणालो. "ही भरती आहे."

"भरतीचं प्रकरण दुसऱ्या टेबलावर," ते मान वर न करता म्हणाले.

मी सगळं समजावून सांगितलं. चाल, साचा, चौकटी, मेहुणा. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मंजूर गाणं मागे घ्यायचं तर रद्द करण्याचा प्रस्ताव द्या. त्यावर समिती बसेल. मग नव्या गाण्याचा प्रस्ताव. त्याला आठ दिवस."

"समारंभ परवा आहे."

"मग दप्तरींना सांगा, दहा दिवस उशिरा निवृत्त व्हा. पण त्याचाही प्रस्ताव लागेल." हे बोलताना ते हसलेही नाहीत. "आणि तसं म्हणाल तर समितीला गाणं आवडलंय. मागच्या वेळचं आम्ही वाचलंही नव्हतं, थेट सह्या केल्या."

त्या दोन दिवसांत मी काय सोसलं ते माझं मला माहीत. माणसाने आयुष्यात एकदाच काही मागितलं होतं, आणि मी त्याला भर सभेत सगळ्यांकडून ऐकवणार होतो की हात पुसा आणि हळू ओढा. बायकोला सांगितलं तर ती आधी हसली. मग माझ्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "आधी खाली जाऊन माफी मागून या. निदान त्यांना अचानक कळायला नको." मी गेलोही. दप्तरी कपाटांच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधत होते. कुठल्या कपाटाची कुठली, वळणदार अक्षरात. "भाऊसाहेब, झालं का माझं?" त्यांनी विचारलं, आणि इतक्या आशेने विचारलं की मी "झालं" म्हणून वर निघून आलो. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. दप्तरी मधल्या खुर्चीत, मांडीवर गुच्छ, बाजूला घड्याळाचं खोकं. टंकलेखिकाबाई आणि दूरध्वनीवरच्या बाई गायला उभ्या राहिल्या, गायनबाई खास माझ्या भिडेखातर कीबोर्ड घेऊन आल्या होत्या. मी शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसलो. दाराला लागून का, ते उघड आहे.

"पादत्राणे बाहेर, कागद आत," दोघींनी सुरू केलं आणि पहिल्याच घरात ठेच खाल्ली. गायनबाईंनी कीबोर्डवरचा हात उचलून माझ्याकडे असं पाहिलं, जणू रियाजाबद्दलचं ते पत्र मी कालच लिहिलं होतं. सभागृहात कुणीतरी खुसखुसलं. मी एक पाय दाराबाहेर ठेवला.

तेवढ्यात मागून पंपावरचा एक माणूस मोठ्याने म्हणाला, "चपला म्हणा हो. ते चपलाच म्हणतात."

त्यांनी पुन्हा सुरू केलं. "चपला बाहेर, कागद आत," आणि पुढची ओळ दोघींनी म्हणायच्या आत अर्ध्या सभागृहाने म्हटली. "आधी पुसा ओला हात." कागद कुणाकडेच नव्हता. लागतही नव्हता. या ओळी प्रत्येकाने त्या दारात उभं राहून शंभर वेळा ऐकल्या होत्या. 'घाई असेल, उद्या या'ला लेखापाल टाळ्या वाजवत होते. मोठे साहेब 'हळू ओढा' असं हाताने करून दाखवत होते. समितीचे अधीक्षक 'पावतीशिवाय नेऊ नका' असं म्हणताना उभेच राहिले. मग पहिल्यापासून पुन्हा झालं, आणि मग आणखी एकदा.

दप्तरी आधी गोंधळले. मग हसले. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांना एवढंच बोलता आलं: "तिसऱ्या कपाटाचा खण आता अडकत नाही. मागच्या आठवड्यात मी मेण लावलं. तेवढं गाण्यात दुरुस्त करून घ्या." आणि बसले.

लोकांनी मला शोधून काढलं. मोठे साहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, "अखेर जमलं तुम्हाला. इतकी वर्षं कुठे लपवलं होतं हे?" टंकलेखिकाबाईंनी डोळे पुसत हात हातात घेतला. गायनबाई म्हणाल्या, भरतीचे शब्द कधीकधी निघून जायला तयार नसतात, हे त्यांना आधीच सांगायला हवं होतं. मी सगळ्यांचे आभार मानले आणि आतून जळत राहिलो. सागरासम मनावर मी एकोणीस वर्षं खर्ची घातली, त्यातली एक ओळ कधी कुणी माझ्याबरोबर म्हटली नाही. आणि ज्यात माझा एक शब्द नाही, त्यासाठी माझ्या पाठीवर थाप. हा न्याय आहे का? घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "ऐकलंत तर खरं तुम्ही त्यांचं. पाठ फिरवून का होईना."

मला चैन पडेना. माणसाने खरं गाणं मागितलं होतं आणि त्याच्या फाईलीत भरती पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेहुण्याच्या यमकांचं गाणं स्वच्छ अक्षरात लिहून काढलं आणि कार्यालय उघडताच दप्तरखान्यात गेलो. चोवीस क्रमांकावर ते ठेवायचं आणि चपलावालं काढून टाकायचं, असा माझा बेत होता. नवा माणूस अजून रुजू व्हायचा होता. बाकावर कुणी नव्हतं. तरी मी चपला बाहेर काढल्या, कशाला ते मला सांगता येणार नाही.

निरोपाच्या गाण्यांची फाईल तिसऱ्या कपाटात, खालच्या खणात होती. तेवीस गाणी क्रमाने, प्रत्येकावर आवक क्रमांक. चोविसाव्या जागी गाणं नव्हतं. तिथे एक पावती होती, नेहमीसारखी, सगळे रकाने वळणदार अक्षरात भरलेले.

'कागद: गाणे क्र. २४. नेणाऱ्याची सही:' तिथे त्यांची सही, पूर्ण नावाची. ते नाव मी पहिल्यांदाच वाचलं. 'नेण्याचे कारण: माझे आहे. परत करण्याची तारीख:' तिथे त्यांनी एक आडवी रेघ मारली होती.

मी माझं खरं गाणं घडी घालून खिशात ठेवलं. पावती होती तिथेच राहू दिली. खण हळू लोटून बंद केला. तो खरंच अडकला नाही, आणि खरं सांगतो, त्याचाही मला थोडा राग आला.